धरणाऱ्याची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कबड्डीचा सामना पाहून परतणाऱ्या माणसाला रस्त्यात गाठा आणि विचारा, काय झालं? तो तुम्हाला चढाई सांगेल. कोणी किती गडी मारले, कोण तिघांच्या अंगावरून उडी मारून मध्यरेषेवर पडला, बोनस कसा काढला. मग त्या चढाईवाल्याला शेवटी धरलं कोणी, असं विचारा. माणूस जरा अडखळतो. म्हणतो, "धरला ना, त्या कोपऱ्यातल्या पोट्ट्यानं." नाव काही आठवत नाही.

माझ्या हे ध्यानात राहिलं, कारण आमचे मामू कोपऱ्यात खेळायचे.

मामू खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गठाणी बांधायच्या कामावर होते. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की त्यांचं तोंड दिसायचं नाही. उन्हाळ्यात जिनिंग बंद पडली की गावोगावच्या यात्रांतले, उरुसांतले सामने सुरू. काळ्या मातीत पाणी मारून, चोपून, चुन्यानं आखलेलं मैदान. पेट्रोमॅक्सचा उजेड. बक्षीस म्हणजे वर्गणीतून आणलेली ढाल, नाहीतर टॉवेल-टोपी आणि नारळ. मी नववीत होतो तेव्हा अशाच एका सामन्यात मामूंनी एकाचा घोटा धरला, मागून साखळीतले तिघे त्या दोघांवर कोसळले आणि मामूंचा गुडघा खाली अडकला. गडी बाद झाला. टाळ्या पडल्या. मामू उठले नाहीत. हाडं बसवणाऱ्याकडे नेलं, त्यानं तेल-हळद लावून पट्टी बांधली. पुढची तीस वर्षं ते जरा डावीकडे झुकून चालले. गठाणी उचलायचं काम सुटलं, तोलकाट्यावर बसवलं गेलं, मजुरी कमी झाली. त्या रात्रीची गोष्ट मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. ढाल मात्र दुसऱ्याच कोणाच्या घरी राहिली.

आता हे सगळं सांगायचं कारण असं, की माझ्या बहिणीचा मुलगा कबड्डी खेळतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोही डाव्या कोपऱ्यात. आता मी मामू झालोय आणि बहीण मला विचारते आहे, "भाईजान, याला जाऊ द्यायचं का?" मी कवी माणूस, बी.ए. झालेला. खेळातलं मला फारसं कळत नाही. पण घरातल्या शिकलेल्या माणसानं चौकशी करावी अशी अपेक्षा असते, म्हणून गेले वर्षभर मी ती करतो आहे. धरणाऱ्या खेळाडूचं आयुष्य नेमकं कसं असतं, एवढाच माझा प्रश्न. तो शोधत मी चिखलीच्या मैदानापासून थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आलो. बसल्या जागी, अर्थातच.

आधी कोपऱ्याचं काम समजून घेऊ. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एका बाजूला सात गडी. चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात, आणि कोणाला स्पर्श झाला नसेल तर निदान रेषा एकदा तरी ओलांडावीच लागते. ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर. त्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बचावाचे सात जण दोन्ही बाजूंना साखळी धरून उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक. चढाईवाला बोनससाठी पाय टाकतो तो बहुधा कोपऱ्याजवळ, म्हणजे त्याचा घोटा सगळ्यात आधी दिसतो तो कोपऱ्यातल्याला.

मग घोटा धरला की झालं का? तसं नाही. चढाईवाला पुढे, मध्यरेषेच्या दिशेनं पडला तर त्याचा हात रेषेपर्यंत पोचतो आणि धरणारा स्वतःच बाद होतो. म्हणून घोटा नुसता धरायचा नसतो, तो उचलून मागे ओढायचा असतो. त्याच क्षणी मध्यरक्षकानं समोरून येऊन वाट अडवायची असते. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर पकडणाऱ्याच्या हातात नुसता घाम राहतो. अर्धा सेकंद आधी झेपावलात तर चढाईवाला पाय काढून घेतो, तुमच्या डोक्यावर हात ठेवतो आणि परत जातो. भाचा सांगतो, "मामू, खेळातलं सगळ्यात अवघड काम थांबणं आहे. पकड सोपी, थांबणं अवघड." व्यावसायिक कबड्डीतल्या नामवंत कोपरारक्षकांच्याही पकडी निम्म्याच्या आसपासच यशस्वी होतात. म्हणजे या माणसानं रोज अर्ध्या वेळा चुकायचं आणि तरी पुढच्या चढाईला त्याच जागी, त्याच वाकलेल्या अंगानं उभं राहायचं.

आणि हिशेबात तो नेहमी मागे. प्रो कबड्डीत चढाईच्या गुणांचा विक्रम प्रदीप नरवालच्या नावावर आहे, १,८०० च्या वर. पकडीच्या गुणांत सगळ्यात पुढे असलेला माणूस ५०० च्या पुढे गेला, तेव्हा ती मोठी बातमी झाली. हा माणूस हरियाणाचा नाही, महाराष्ट्राचाही नाही. तो इराणचा. फझल अत्राचली. त्याच्याकडे येतोच.

भाच्यानं एक दिवस मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल दाखवला. म्हणाला, "मामू, हे बघा, इथे नुसतं धरायचे पैसे मिळतात." या खेळाचं आपल्या फुटबॉलशी नावापुरतंच नातं. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. प्रत्येक बाजूला ११ जण. पण खरी गंमत अशी की चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. बचावातला खेळाडू आयुष्यात बहुतेक एकच काम करतो, समोरच्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. पहिल्या फळीत धिप्पाड माणसं, त्यांच्यामागे लाइनबॅकर, आणि कडेला जो उभा असतो त्याचं नाव काय, तर कॉर्नरबॅक. कोपरा तिथेही कोपराच. फक्त तिथला कोपरेवाला घोटा धरत नाही, तो समोरून चेंडू झेलायला पळणाऱ्याच्या सावलीसारखा पळतो.

या धरणाऱ्यांत मला ज्याची गोष्ट सगळ्यात आवडली तो ॲलन पेज. जन्म १९४५, ओहायो राज्यातलं कँटन गाव. या खेळातल्या थोर खेळाडूंचं सन्मान-दालन कँटनलाच उभं आहे. ते बांधलं जात होतं तेव्हा तरुण पेज तिथे बांधकामावर मजूर म्हणून काम करत होता. पुढे १९६७ पासून तो मिनेसोटा व्हायकिंग्ज संघातून पहिल्या फळीत खेळला. १९७१ मध्ये त्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. त्याआधी बचावातल्या कोणालाही तो मान मिळाला नव्हता. तो नेहमी चेंडू फेकणाऱ्याला, धावणाऱ्याला, म्हणजे आपल्या भाषेत चढाईवाल्याला मिळायचा. त्याचा संघ चार वेळा अंतिम सामन्यात गेला आणि चारही वेळा हरला. खेळता खेळता त्यानं कायद्याचं शिक्षण पुरं केलं, १९७८ मध्ये पदवी घेतली. १९८१ ला खेळ सोडला. १९८८ मध्ये त्याचं नाव त्याच कँटनच्या दालनात लागलं, जिथे त्यानं मजुरी केली होती. आणि १९९३ ते २०१५ अशी बावीस वर्षं तो मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होता. निवृत्तीचं वय झालं म्हणून उतरला, नाहीतर अजून बसला असता.

आता गंमत पाहा. चेंडू फेकणाऱ्याला तो फेकण्याआधीच आडवा करण्याला त्यांच्याकडे 'सॅक' म्हणतात. बचावाचा हा सगळ्यात मोठा पराक्रम. पण लीगनं प्रत्येक खेळाडूच्या नावावर सॅकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली ती १९८२ पासून. म्हणजे पेज खेळून निवृत्त झाल्यावर. त्यानं आयुष्यभर जे केलं ते लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. हे वाचलं तेव्हा मला यात्रेतल्या पंचांची वही आठवली. तीत संघाचे गुण असायचे, मामूंचं नाव नसायचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण बहिणीला मी फक्त न्यायमूर्तींची गोष्ट सांगितली असती तर ती फसवणूक झाली असती. ज्युनियर सेऊ नावाचा लाइनबॅकर वीस हंगाम खेळला. सॅन डिएगोचं लाडकं पोरगं. निवृत्तीनंतर, २०१२ मध्ये, ४३ व्या वर्षी त्यानं स्वतःला गोळी घातली. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वर्षानुवर्षं डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा आजार त्यात सापडला. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मृत खेळाडूंचे दान केलेले मेंदू तपासले. त्या व्यावसायिक लीगमधून खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांत तो आजार होता. ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दान केले असणार, म्हणून हा आकडा सरसकट सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, हे संशोधकांनीच बजावलं आहे. तरी आकडा आहे तो आहे.

हा खेळ आपल्याकडेही आणायचा प्रयत्न झाला होता. २०१२ च्या सुमाराला एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया निघाली, तीत 'पुणे मराठाज' नावाचा संघही होता. ती फार चालली नाही. तिच्या मागे उभ्या राहिलेल्यांत ब्रँडन चिलर होता. वडील मूळचे भारतीय. अमेरिकेतल्या लीगमध्ये लाइनबॅकर, २००४ मध्ये सेंट लुईसनं निवडला, २००८ पासून ग्रीन बे संघात. २०११ च्या फेब्रुवारीत ग्रीन बे विजेता झाला, पण तेव्हा हा दुखापतीमुळे बाहेर बसला होता. त्यानंतर त्याला सोडून देण्यात आलं. सात हंगामांची कारकीर्द. आता आपल्याकडे कबड्डीत धरण्यासाठी नावाजलेली दोन नावं घ्या, मनजित छिल्लर आणि मोहित छिल्लर. आडनाव तेच! नातं आहे असा माझा दावा नाही, पण भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरला.

आता आपल्या मातीकडे.

कबड्डीला तेव्हा आपल्याकडे हुतूतू म्हणत. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ जर्मनांना दाखवला तो आपल्या शेजारच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी. वऱ्हाडातल्या माणसाला याचा अभिमान वाटला तर गैर नाही, फक्त तो सांगून आपण थांबतो, एवढंच. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळासाठी सगळं आयुष्य घातलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, भारतानं सुवर्ण घेतलं, आणि मग दर चार वर्षांनी ते आपल्याकडेच येणार असं आपण धरून चाललो.

२३ ऑगस्ट २०१८. जकार्ता. उपांत्य सामना, भारत विरुद्ध इराण. त्या संघात महाराष्ट्राचे दोघे होते. चढाईचा रिशांक देवाडिगा आणि डाव्या कोपऱ्याचा गिरीश मारुती एर्नाक, ठाणे जिल्ह्यातला. घोट्याच्या पकडीसाठी ओळखला जाणारा. बंगाल, पुणे, गुजरात, मुंबई अशा संघांतून तो प्रो कबड्डी खेळला. आमच्या घरी तेव्हा टीव्हीसमोर अकरा माणसं बसली होती, त्यात माझा भाचा बारा वर्षांचा. भारत २७-१८ असा हरला. आशियाई स्पर्धेच्या इतिहासात भारताच्या पुरुषांना सुवर्ण मिळालं नाही, असं ते पहिल्यांदाच झालं. आणि हरलो ते त्यांच्या चढाईनं जितकं, त्याहून जास्त त्यांच्या पकडीनं. आपले एकाहून एक चढाईवाले त्या कोपऱ्यांत जाऊन अडकत होते. भाचा रडला. मग डोळे पुसून त्यानं विचारलेला प्रश्न मला आजही आठवतो. "मामू, तो कोपऱ्यातला कोण आहे?" आमच्या घरात कोपऱ्यातल्याचं नाव कोणी विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तो फझल अत्राचली होता. इराणमध्ये कुस्तीची परंपरा फार जुनी, आणि तिथले बरेच कबड्डीपटू आधी आखाड्यातले. पट कसा काढायचा, दुसऱ्याचं वजन त्याच्याच विरुद्ध कसं वापरायचं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. वर फझल २०१५ मध्ये कुठे आला, तर आपल्या यू मुंबा संघात. त्या वर्षी यू मुंबा विजेता झाला. मग पाटणा, गुजरात, पुन्हा मुंबई. म्हणजे कबड्डीतल्या उत्तमोत्तम चढाईवाल्यांच्या सवयी त्यानं आपल्याच मैदानांवर, आपल्याच खर्चानं अभ्यासल्या. तक्रार म्हणून म्हणत नाही. उस्तादाकडे कोणीही शिकावं.

आणि त्याच आशियाई स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपली मराठी बाई, परक्या देशात जाऊन, त्यांची फारसी शिकून, योग-प्राणायाम करून घेऊन तिथल्या मुलींना तयार करते आणि सुवर्णपदकापर्यंत नेते. समोर भारताचा संघ असताना त्यांच्या मनात काय झालं असेल? शायर याच जागी फार बोलू लागतो, म्हणून मी पुढे जातो. २०२३ मध्ये, हांगझोऊला, भारताच्या पुरुषांनी इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण परत आणलं. शेवटच्या मिनिटांत एका चढाईच्या गुणांवरून असा वाद झाला की सामना बराच वेळ बंद होता. त्या संघात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी पेढे कोणी वाटले हे अजून कळलेलं नाही, पण मी दोन खाल्ले.

पैशाचं बोलू, कारण बहिणीचा खरा प्रश्न तिथे आहे. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, या खेळात पहिल्यांदा एका माणसावर एक कोटीची बोली लागली. तो चढाईवाला नव्हता. तो फझल होता आणि बोली यू मुंबाची होती. २०२३ मध्ये पुणेरी पलटणनं मोहम्मदरझा शादलुई या दुसऱ्या इराण्यासाठी दोन कोटी ३५ लाख मोजले, तोही डाव्या कोपऱ्याचा. त्या हंगामात पुणे विजेता झालं. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला, तर हरियाणा विजेता. २०२५ मध्ये दिल्लीनं पुण्याला अंतिम सामन्यात ३१-२८ असं हरवलं, तेव्हा दिल्लीच्या कोपऱ्यात पुन्हा फझल. धरणाऱ्यांचे दिवस आले आहेत असं म्हणायला जागा आहे.

पण लिलावाची खालची पायरीही बघावी. २०२३ आणि २०२४ च्या लिलावांत सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. नऊ लाख आमच्या घरात मोठी रक्कम आहे, पण ती एका हंगामाची, आणि पुढच्या वर्षी कोणी बोली लावेलच असं नाही. त्या यादीत नाव यायलाच आधी जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा अशा चाळण्यांतून जावं लागतं. विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. त्यामुळे आपल्या मुलांना मुंबई-पुणे-कोकणाच्या मुलांशी संघातल्या जागेसाठी झगडावं लागत नाही हे खरं. पण त्यामुळेच त्यांच्याशी रोजचा सरावही मिळत नाही. चिपळूणकडचा शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यात खेळत पाटणा संघाचा कर्णधार झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात पुण्याला अंतिम सामन्यात उतरला. कोकणात गावागावात मंडळं आहेत, पिढ्यान्पिढ्यांचे सामने आहेत. आमच्याकडे मंडळ आहे, मॅट नाही. मुलं मातीवर शिकतात आणि निवड चाचणी मॅटवर होते. मातीत पाय घसरतो. मॅटवर बूट धरतो, पाय जागीच राहतो आणि अंग वळतं. गुडघ्याचं दुखणं सुरू होतं ते बहुतेक तिथेच.

गुडघा हा या सगळ्या गोष्टीतला खरा मालक आहे. मामूंच्या वेळी तेल-हळद होती, आता अकोल्याला, औरंगाबादला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. अस्थिबंध तुटला तर तो नव्यानं बसवतात, आणि मग परत मैदानात यायला नऊ महिने, कधी वर्ष. मोठ्या संघाकडे त्यासाठी डॉक्टर असतो, व्यायाम करून घेणारा माणूस असतो. यात्रेतल्या सामन्यात पडणाऱ्या मुलाकडे मोटारसायकल असलेला मित्र असतो.

कबड्डीवाल्या मुलांच्या डोळ्यांसमोर कोटीची बोली असते असं आपल्याला वाटतं. मी पाचसहा जणांशी बोललो. त्यांचं गणित जास्त शहाणं आहे. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांचे कबड्डी संघ आहेत, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. स्पर्धेचं प्रमाणपत्र पडताळून घ्यावं लागतं, आणि ते कोणत्याही स्पर्धेचं चालत नाही. म्हणून मुलांना हवं असतं ते चालणारं प्रमाणपत्र. माझा भाचाही तेच म्हणतो. राज्य खेळायचं, जमलं तर राष्ट्रीय, नाहीतर पोलीस भरती. पण पोलीस भरतीला १६०० मीटर धावावं लागतं, १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. गुडघा गेला तर एका झटक्यात दोन्ही दारं बंद. हे त्याला मी सांगितलं तर म्हणाला, "मामू, चढाईवाल्याचाही गुडघा जातो." खरं आहे. पण चढाईवाला पडतो तेव्हा बहुधा एकटा पडतो. धरणाऱ्याच्या अंगावर स्वतःच्याच संघाचे चौघे पडतात.

मी त्याला एकदा म्हटलं, चढाई शिकून घे, नाव होईल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या मुशायऱ्यात कोणी मला म्हणालं होतं की गझल सोडा आणि सिनेमाची गाणी लिहा. म्हणाला, "मला चढाई येते. पण मैदानावर उभा राहिलो की पाय आपोआप कोपऱ्यात जातात." यावर काय बोलणार? माझेही पाय असेच कुठेतरी गेले आणि त्यासाठी माझ्या अब्बांनी मला माफ करायला बरीच वर्षं घेतली.

बहिणीला मी शेवटी जे सांगितलं ते असं. एक, बी.ए. सुटता कामा नये. ॲलन पेज खेळता खेळता वकील झाला, हा तर पोलीस भरतीचीच तयारी करतो आहे. दोन, बक्षिसासाठी उन्हाळ्यात दर रात्री खेळायचं नाही. महिन्यात दोन सामने, तेही नीट मैदान पाहून. तीन, गुडघ्याच्या भोवतालचे स्नायू बळकट करायचा व्यायाम रोज, देखावा म्हणून नाही. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तरी गुडघा गेला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "मामूंना हे कोणी विचारलंच नव्हतं. तू याला विचार."

मी विचारलं. भाचा तेव्हा ओट्यावर बसून घोट्याला पट्टी बांधत होता. त्यानं पट्टीचं टोक दातांत धरलं होतं, त्यामुळे लगेच बोलता आलं नाही. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "नानाजान तीस वर्षं कसे चालले, ते मला दाखवाल का? चालून दाखवा." मी अंगणात उतरलो आणि मामूंसारखा, जरा डावीकडे झुकून, दरवाजापर्यंत चालून दाखवलं. बहीण आत निघून गेली. भाचा बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. मग त्यानं दुसऱ्या पायाची पट्टी काढून ती पुन्हा पहिल्यापासून, घट्ट, बांधायला घेतली. निवड चाचणी पुढच्या रविवारी आहे.